चुकलेल्या वर्षाचं चिंतन

५ मार्च, सोमवार

आदरणीय फादर,

चुकून खरं छापलं गेलं तर माफी नेमकी कशाची मागायची? कालपासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय आणि मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता. त्यात असलं काही विचारलं नव्हतं.

क्रमाने सांगते. तुम्ही निवृत्त होऊन तिकडे वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात गेलात तेव्हा रविवारच्या पत्रकात तुमची जुनी चिंतनं पुन्हा छापायची असं ठरलं, आणि मी छापखान्यात प्रुफं तपासते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तुम्ही जाताना लावून दिलेले गठ्ठे राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतानाच, संपले. मग मी तुमची लोखंडी पेटी उघडली. मिस्सातल्या बायबल-वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, म्हणजे यंदाची वाचनं बारा वर्षांपूर्वीही होती. म्हणून त्या वर्षाचा आकडा असलेली फाईल काढली आणि उपवासकाळाची चिंतनं ओळीने जुळवत गेले.

पहिल्या दोन रविवारी काही बिघडलं नाही. वाळवंटातला येशू आणि डोंगरावरचा येशू तर दर वर्षी येतातच. काल तिसरा रविवार. नवे फादर वेदीवरून मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलून लावल्याचं वाचत होते आणि लोकांच्या हातात अंजिराचं झाड होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग लोकांनी ते नीट वाचलं. त्यातला एक परिच्छेद तुम्हाला आठवत नसेल तर इथे देते:

‘फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. त्या वर्षात तो स्वतः खणणार आहे, खत घालणार आहे, हे आपण विसरतो. आपल्या धर्मग्रामात एक लाँड्री आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे जातात. चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रुळांपाशी चाळीस बायका नऊ-नऊ तास उभ्या असतात. त्यांना बसायला स्टुलं द्या, असं मी मालकांना तीनदा सांगितलं. तीनदा उत्तर आलं, पुढच्या वर्षी. या चाळीस दिवसांत तुमच्यापैकी कोणी मांस सोडलं, कोणी गोड सोडलं. ज्याच्या हातात काही आहे त्याने यंदा ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द सोडून बघावेत.’

तुम्हाला माहीत आहे मालक कोण ते. चर्चमधल्या प्रत्येक बाकाला ज्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, ज्यांना आम्ही सगळे पाठीमागे ‘बाकवाले’ म्हणतो, ते. मिस्सा संपल्यावर त्यांनी पत्रकाची चार घड्यांची चौकट केली, खिशात ठेवली आणि दारात मला म्हणाले, “छपाई छान आहे.”

दुपारी चर्चची समिती बसली. झावळ्यांच्या रविवारी चर्च सर्वांत जास्त भरलेलं असतं, तर त्या दिवशीच्या पत्रकात माझ्या सहीने माफी छापायची. मजकूर त्यांनीच लिहून दिलाय: ‘सदर मजकूर निराधार असून तो अविचाराने छापला गेला.’ नवे फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, “एवढं कर, विषय संपेल. तुझी आई तिथेच कामाला आहे ना?”

आहे. अठरा वर्षं.

मूळ कागद काल पुन्हा काढला. त्याच्या मागच्या बाजूला लाल पेन्सिलीने तुमच्याच अक्षरात लिहिलंय, ‘देऊ नये’. जुळवताना मी पानाची पाठ पाहिली नव्हती. फादर, का देऊ नये?

तुमची,
पत्रकवाली


८ मार्च

प्रिय पदवीधर,

तुझं पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. चूक तुझी नाही, पंचांगाची आहे. तुझं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि माझं नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. फायलीवर मी नेहमी त्या आगमनकाळाचा आकडा घालायचो. त्यामुळे तू बारा वर्षांपूर्वीचं समजून जे उचललंस ते अकरा वर्षांपूर्वीचं निघालं. ही चूक जगात फक्त दोनच माणसं करू शकतात: माझ्यासारखा जुन्या वळणाचा पाद्री आणि त्याच्या अक्षरावर विश्वास ठेवणारी मुलगी.

इथलं म्हणशील तर आम्ही नऊ म्हातारे. प्रत्येकाने आयुष्यभर प्रवचनं दिलीत, त्यामुळे आता कोणी कोणाचं ऐकत नाही. हीच आमची तपश्चर्या. जेवणाच्या टेबलावर उपवासकाळावर वाद चालतात आणि मीठ कोणी पुढे सरकवत नाही.

ते चिंतन दिलं नाही, कारण ते जमलं नव्हतं. अंजिराचं झाड आणि लाँड्री यांचा सांधा नीट बसत नव्हता. चिंतन म्हणजे तक्रार अर्ज नव्हे. इतकंच.

आता माझं ऐक. उपवासकाळ म्हणजे फक्त सोडण्याचा काळ नाही, माघार घेण्याचाही आहे. वाळवंटात जाणारा माणूस आधी पाठ फिरवतो, मग पुढे चालतो. तीन ओळी छाप. सही कर. लोक झावळ्या घेऊन घरी जातील आणि पत्रक कुठेतरी पडून राहील. आईची काळजी घे. तिला माझा नमस्कार सांग.

आशीर्वाद,
तुझा म्हातारा फादर


११ मार्च, रविवार

आदरणीय फादर,

आज चौथा रविवार. नवे फादर गुलाबी झगा घालून आले होते. उपवासाच्या मध्यावरचा हा आनंदाचा रविवार, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं: जांभळ्या रंगाने दमलेल्या डोळ्यांना एक दिवसाची सुट्टी. मला सुट्टी मिळाली नाही. मी बाकांखाली वाकून पाट्या वाचत होते.

सांधा बसतो, फादर. मी रोज आठ तास दुसऱ्यांचा मजकूर वाचते. कुठला परिच्छेद ओढून-ताणून आणलाय आणि कुठला आपणहून आलाय, हे मला कळतं. तुमच्या पेटीत इतकं घट्ट दुसरं चिंतन नाही. मग मी पाट्यांवरच्या तारखा पाहिल्या. सगळ्या बाकांवर एकच महिना, एकच वर्ष. अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. ज्या रविवारी हे चिंतन वाटलं जायचं होतं त्याच महिन्यात बाक आले.

मी यातून काय समजायचं? मी काही समजायच्या आधी तुम्हीच सांगा.

एक आणखी. आईला वाचता येतं, पण ती लावून लावून वाचते, म्हणून चिंतन मी तिला वाचून दाखवलं. ती पायाला पट्ट्या गुंडाळत होती. हे तिचं रोजचं काम. पहाटे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळायच्या, संध्याकाळी सोडायच्या. तेव्हा शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या असतात. माझं वाचून संपलं तसे तिचे हात थांबले.

“हे फादरने तेव्हा लिहिलं होतं?”

“हो.”

“तेव्हाच?”

“हो गं आई. अकरा वर्षं झाली.”

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

मी म्हटलं, तुला कशाला सांगतील? तू काय समितीवर आहेस? ती पट्टीचं टोक हरवलं म्हणून शोधत बसली. टोक तिच्या हातातच होतं.

तुम्हाला माहीत असेल, मिस्साला ती कधी बाकावर बसत नाही. मागच्या खांबाला टेकून उभी राहते. लहानपणी मला वाटायचं तिला सवयच झालीय उभं राहायची. विचारलं तर म्हणायची, “एकदा बसले की उठवत नाही.”

या आठवड्यात तिला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावरून काढून गरम रुळावर टाकलंय. कारण कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

तुमची,
पत्रकवाली


१४ मार्च

प्रिय पदवीधर,

तू प्रुफं तपासतेस, माणसं नव्हे. दोन्हींना एकच चष्मा चालत नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. तुला ते जुने बाक आठवणार नाहीत, तू तेव्हा शाळेत होतीस. वाळवीने पोखरलेले. एका म्हातारीच्या खाली बाक बसला आणि तिची कंबर मोडली. सहाशे माणसांचं धर्मग्राम आणि निम्मे लोक भिंतीला टेकून. मी चार वर्षं सगळ्यांच्या दारात जात होतो. बाकवाल्यांनी (तुझं हे नाव मला आवडलं, देवा मला क्षमा कर) एका बैठकीत हो म्हटलं. त्यांनी एकही अट घातली नाही, हे नीट लक्षात ठेव. निघताना त्यांनी फक्त विचारलं, “या रविवारी काय लिहिताय फादर?” मी म्हटलं, “अजून ठरलं नाही.” कागद माझ्या झग्याच्या खिशात होता.

सहाशे माणसं एका बाजूला, चाळीस दुसऱ्या बाजूला. मेंढपाळाला मोजावं लागतं. तुझ्या वयात मीही मोजणाऱ्यांना हसायचो.

आईला गरम रुळावर टाकलंय हे वाचून झोप लागली नाही. आता हट्ट पुरे. ज्या आठवड्यात तुझी माफी छापली जाईल त्याच आठवड्यात ती घड्यांच्या टेबलावर परत जाईल. मी त्या माणसाला ओळखतो. तो दुष्ट नाही. त्याला फक्त कोणी बघितलेलं आवडत नाही.

आई नेमकं काय म्हणाली ते पुन्हा लिहून पाठव. तेच शब्द, तुझे नको.

तुझा फादर


१८ मार्च, रविवार

आदरणीय फादर,

आईचे शब्द मी तेच लिहिले होते. एकही बदललेला नाही. “मग मला का नाही सांगितलं त्यांनी?” तुम्हाला ते पुन्हा का हवेत, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

कोणी अट घातली नाही आणि तुम्ही ती पाळलीत. हे लिहायला जड जातंय, कारण पहिली ते पंधरावी माझ्या प्रत्येक फॉर्मवर तुमची शिफारस आहे. आमच्या घरात पदवीचा कागद भिंतीवर लागला तो तुमच्यामुळे. बाबा गेले तेव्हा ‘पोरीला लाँड्रीत लावा’ म्हणणाऱ्यांना तुम्ही दारातून परत पाठवलंत. म्हणून दुसऱ्या कोणाला लिहिणार नाही ते तुम्हाला लिहिते. मेंढपाळ मोजतो ते एखादं हरवलंय का हे कळावं म्हणून. कुठली बाजू मोठी आहे हे बघायला तो मोजत नाही. हेही तुमच्याच एका चिंतनात आहे. सामान्यकाळाचा चोविसावा रविवार. मी स्वतः जुळवलंय.

आता माझी कबुली. गुरुवारी आईचा गुडघा रुळापाशी वाकला आणि ती खाली बसली. फरशीवर. मुकादम म्हणाला, “नाटकं घरी.” शेजारच्या बाईने तिला उचललं. घरी आल्यावर आई मला म्हणाली, “काही नाही झालं. ओलं होतं खाली.” शुक्रवारी मी छापखान्यात गेले आणि माफी जुळवली. तीन ओळी. प्रूफ काढलं, वाचलं. एकही चूक नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आमचे छापखान्याचे मालक देवाधर्मातले नाहीत. ते खांद्यावरून वाचत म्हणाले, “हे निराधार आहे का?” मी म्हटलं, नाही. “मग शब्द चुकलाय. मुद्रितशोधक कोण आहे इथे?”

प्रूफ माझ्या टेबलावर आहे. शनिवारपर्यंत छापायला द्यायचंय. दर तासाला वाटतं द्यावं, दर तासाला वाटतं देऊ नये. धाडस माझं आणि गुडघे आईचे, हा कुठला न्याय? मला स्वतःची नोकरी पणाला लावायची असती तर एव्हाना लावून मोकळी झाले असते.

फादर, तुमचं आणि आईचं काय झालं होतं? ती सांगत नाही. मी विचारलं की ती भांडी घासायला जाते. घासलेली भांडी.

तुमची,
पत्रकवाली


२१ मार्च

प्रिय मुली,

दोन दिवस लिहून फाडतोय. आज फाडायचं नाही असं ठरवून बसलोय.

त्या वर्षी, उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी, मी वेदीवर प्रभुशरीर वर उचललं. घंटा वाजली. सगळं चर्च गुडघ्यांवर होतं. मागच्या खांबापाशी एक बाई उभी होती. मिस्सा संपताना मी माईकवरून म्हणालो, “काही लोकांचे गुडघे देवापुढेही वाकत नाहीत. गर्व असाही असतो.” लोकांनी मागे वळून पाहिलं. ती तुझी आई.

तिने मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला ते उद्धटपणाचं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी समज द्यायला मी तुमच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती. ती पट्ट्या सोडत होती. मला बघून पाय झाकायला गेली, पण हाताशी काही नव्हतं. मी ते पाय पाहिले आणि विचारलं, उभी का राहतेस. ती म्हणाली, “फादर, टेकले असते. पण टेकल्यावर उठायला दोन माणसं लागतात, आणि मिस्सात कोणाला त्रास कशाला.” मग मला चहा विचारला.

मी चहा घेतला. माफी मागितली नाही. मला वाटलं, माफी मी अशी मागीन की सगळं धर्मग्राम वाचेल. माईकवर बोललो होतो, तर कागदावर फेडीन. त्यातून ते चिंतन आलं. म्हणून ते तुला घट्ट वाटलं. दारातून निघताना मी तिला म्हणालोही होतो, “तिसऱ्या रविवारचं पत्रक नीट वाच.”

तिने वाचलं असेल. त्यात काय होतं सांगू? विहिरीवरच्या शमरोनी बाईवरचं माझं एक जुनं, गुळगुळीत चिंतन. ऐन वेळी पेटीतून काढून दिलेलं. त्या दिवसापासून तिने मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. तुझ्या फॉर्मवर मी सह्या करत गेलो त्यातल्या निम्म्या तुझ्या हुशारीसाठी होत्या. बाकीच्या का, ते आता तुला कळलं असेल.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की पवित्र शनिवार हा वर्षातला सगळ्यात अवघड दिवस. शुक्रवारी निदान रडता येतं, रविवारी गाता येतं. शनिवारी वेदी उघडी, दिवा विझलेला, करण्यासारखं काही नाही. मला वाटायचं मी प्रभूच्या कबरीबद्दल बोलतोय. मी अकरा वर्षं शनिवारात राहतोय, पोरी.

सोबत एक कागद जोडलाय. माफी मी लिहिली आहे, माझ्या सहीने. ‘हे चिंतन माझं होतं, ते अपुऱ्या माहितीवर लिहिलं होतं, छापणाऱ्या मुलीचा दोष नाही.’ हे छाप. बाकवाल्यांना माझी सही तुझ्या सहीपेक्षा जास्त आवडेल. आई घड्यांच्या टेबलावर परत जाईल आणि तुझं नाव कुठे येणार नाही. ही खोटी साक्ष आहे, मला ठाऊक आहे. या वयात आणखी एक मला झेपेल.

आईला हे पत्र वाचून दाखव. सगळं.

फादर


२८ मार्च, पवित्र आठवड्यातला बुधवार

आदरणीय फादर,

तुमचा कागद याच पाकिटात परत पाठवतेय. घडी उघडून पाहा, शाईचा डागही लागलेला नाही. तो छापला नाही.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. आई घरीच होती, गुडघा सुजल्यामुळे. मी सगळं वाचलं. माईकचं आलं तिथे मी कागद खाली ठेवला. आई म्हणाली, “वाच, वाच, मी होते तिथे.” म्हणून पुढे वाचलं. संपल्यावर तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली,

“फादरने मला विचारलं, उभी का राहतेस. निदान विचारलं. त्या मालकाने अठरा वर्षांत एकदाही विचारलं नाही की बायका उभ्या का.”

“तुला राग नाही आला?”

“आला ना. तू काय मला संत समजलीस? चहात साखर घातली नव्हती मी त्यांच्या.”

(तुम्ही तो प्यायलात, म्हणून विचारते. लक्षात आलं होतं का?)

मग मी तुमचा माफीचा कागद वाचला. ‘अपुऱ्या माहितीवर’ या शब्दांपाशी तिने हात वर केला. “थांब. कसली अपुरी? माझे पाय बघून गेलेत ते.” मी तिला समजावलं की हे तिच्यासाठीच आहे, छापलं तर तिला रुळावरून काढतील, नाही छापलं तर कामावरून. मला वाटत होतं की मी तिला निवड करायला सांगतेय. खरं तर मी माझं ओझं तिच्या हातात देत होते. तिला ते कळलं. ती म्हणाली, “हे बघ, तू पंधरा वर्षं शिकलीस. मी उभी राहिले म्हणून शिकलीस. आता तुलाच विचारते, जे छापलं ते खोटं आहे का?”

“नाही.”

“मग मला काय विचारतेस?”

शनिवारी सकाळी छापखाना बंद असतो. मालकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, “मशीन पुसून ठेव, बाकी मी काही पाहिलेलं नाही.” मी रविवारचं पत्रक नव्याने जुळवलं. पहिल्या पानावर तुमचं अंजिराचं चिंतन, पूर्ण, तुमच्या नावासह आणि ते लिहिल्याच्या तारखेसह. शेवटच्या पानावर, जिथे माफी येणार होती तिथे, हे:

‘उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी यंदाच्या वाचनाऐवजी दुसऱ्या वर्षाच्या वाचनावरचं चिंतन छापलं गेलं. ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल मी क्षमा मागते. चिंतनात जे लिहिलं आहे ते तेव्हा खरं होतं आणि आजही आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी सोमवार ते शनिवार कधीही लाँड्रीत जाऊन पाहावं. बायका उभ्याच आहेत.’ खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

तुमची कबुली मी छापलेली नाही. ती तुम्ही आईला दिलीत, धर्मग्रामाला नाही. धर्मग्रामाला द्यायची असेल तर ती तुम्ही स्वतः लिहा. मी जुळवीन, पण कुठे छापायची ते आता बघावं लागेल.

संध्याकाळी नव्या फादरांना एक प्रत नेऊन दिली. चोरून काही करायचं नव्हतं. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं आणि म्हणाले, “मी हे पाहिलं नाही असं समज.”

मी म्हटलं, “नाही फादर. पाहिलंत तुम्ही. नको असेल तर उद्या दारात उभं राहून थांबवा मला.”

“तू मला अडचणीत आणतेस.”

“मी नाही आणत. तुम्ही आधीच त्या खुर्चीत बसलाय.” हे जरा जास्त झालं, मला मान्य आहे. त्यांनी मला थांबवलं नाही. पण पत्रकाचं काम काढून घेतलं, तुमच्या पेटीसकट. पेटी मी स्वतः नेऊन दिली. फायलींवर तुमचं वर्ष कसं वाचायचं याची एक चिठ्ठी आत ठेवलीय, पुढच्या माणसाची फजिती नको.

रविवारी दोन्ही मिस्सांना मी दारात उभी होते. एका हाताने झावळी, एका हाताने पत्रक. काही जणांनी झावळी घेतली आणि पत्रक घेतलं नाही. एका बाईने पत्रक घेतलं आणि झावळी विसरली. बाकवाले आले तेव्हा मी त्यांच्याही पुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. म्हणाले, “तुला शिकवून काय मिळालं तुझ्या आईला?” मागून कोणीतरी म्हणालं, “वाचता येणारी मुलगी.” मी वळून पाहिलं. आई, खांबापर्यंत जायला निघालेली.

सोमवारी ती कामावर गेली. तिला ऑफिसात बोलावलं. मालकांनी विचारलं, हे कोणाचं काम? ती म्हणाली, “लिहिलं फादरने, छापलं मुलीने, उभी मी राहिले.” त्यांनी तिला ‘पुनरुत्थानाच्या सणापर्यंत घरी राहून विचार करा’ असं सांगितलं. म्हणजे काय ते आम्हाला दोघींना कळतं. मंगळवारी तिच्या जागी रुळावर जी बाई आली तिने घरून रंगाचा रिकामा डबा आणला आणि उलटा घालून त्यावर बसली. मुकादमाने डबा उचलून कोठारात टाकला. आज तीन डबे होते म्हणे. कोठार लहान आहे.

यातून काही होईल की नाही, मला माहीत नाही. आईची नोकरी बहुधा गेली. मी छापखान्यात संध्याकाळचीही पाळी मागितली आणि मिळाली आहे. घरात काटकसर आहे, आई दिवसभर खुर्चीत पाय वर करून बसते आणि मला सूचना देते. इतकी बसलेली मी तिला कधी पाहिलेली नाही. तिला ते फारसं आवडत नाही.

तुम्ही मला माघार घे म्हणालात, नंतर माझ्यासाठी स्वतः माघार घ्यायला निघालात. दोन्ही वेळा मायेने. पण मी ज्या फादरांकडून शिकले ते पहिल्या पानावर होते, लाल पेन्सिलीच्या आधीचे. मी त्यांचं ऐकलं.

उद्या आज्ञेचा गुरुवार, पाय धुण्याचा दिवस. तुम्हाला पत्रक पाठवायचं होतं, पण एकही प्रत उरलेली नाही. चारशे छापली होती. सगळी वाटली.

तुमची,
मुलगी